सगळ्यात मागे बुलडोझर

तुम्हाला ब्रिगेडियरचा तो विनोद माहीत नाही, म्हणून आधी तोच सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या कॉलेजात, म्हणजे जिथे आम्हा कॅप्टन-मेजर लोकांना परत बाकावर बसवून लढाई शिकवतात ना, तिथे समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य कसं उतरवायचं हा विषय ब्रिगेडियर शिकवतात. माणूस मोठा. पुस्तकं आहेत त्यांची, परदेशातून लोक ऐकायला येतात, आणि बोलतात असे की जेवून सुस्तावलेले मेजरसुद्धा ताठ बसतात. पहिल्याच तासाला ते फळ्यावर जहाज काढतात. लांबट पेटी, आणि पुढे खाली पडणारं दार. मग म्हणतात, या पेटीत सामान भरायचा नियम एकच. उतरल्यावर जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी आत जातं, म्हणजे दाराशी राहतं. वाळू मऊ असेल तर आधी काय लागेल? सगळे म्हणतात, बुलडोझर. कारण तो उतरून वाळूवर लोखंडी जाळीचा रस्ता अंथरतो आणि मग बाकीच्या गाड्या त्यावरून जातात. शाब्बास, ब्रिगेडियर म्हणतात, तुम्हाला बसल्या जागी कळलं, पण माझ्याकडे एक भरणी अधिकारी होता, जहाज भरून घेणारा, त्याला अर्धी नोकरी संपली तरी कळलं नव्हतं. त्याने बुलडोझर नेऊन ठेवला पार मागे, शेपटीकडे. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणतो, साहेब, नवा रंग दिलाय, वाळूने ओरखडे पडतील.

अख्खा हॉल हसला. माझ्या शेजारचा तर बाकावर हात आपटून आपटून हसला.

तो भरणी अधिकारी म्हणजे माझे बाबा.

आता मी त्या ब्रिगेडियरला अहो-जाहो करणार नाही, चालेल ना? त्याच्या तोंडावर सर म्हणते, तेवढं पुरे.

खरं काय झालं ते मला आईने सांगितलं, मी सैन्यात जायचं ठरवलं तेव्हा. बाबांनी कधीच नाही. सराव होता, खोटी लढाई, पण जहाजं खरी आणि समुद्र खरा. किनाऱ्यावर मांडव घालून बडे पाहुणे बसवलेले. बाबांनी बुलडोझर नियमाप्रमाणे दाराशी ठेवला होता. निघायच्या आधी हा ब्रिगेडियर आला, तेव्हा कर्नल होता, आणि म्हणाला, माझी गाडी पुढे घे, दार पडलं की पाहुण्यांना पहिला मी दिसलो पाहिजे. बाबा म्हणाले, सर, वाळू मऊ आहे. हा म्हणाला, मी सांगतोय ना. सगळं तोंडी. मग सगळं बाहेर काढलं, पण क्रम लावून परत भरायला वेळ कुठला, तर जे आधी बाहेर आलं तेच आधी आत गेलं आणि बुलडोझर गेला शेपटीकडे. दार पडलं, याची गाडी उतरली आणि दारातच पोटापर्यंत रुतली. मागचं सगळं आत अडकलं. तेवढ्यात ओहोटी लागली आणि जहाजच वाळूवर बसलं, एका अंगाला कलून. गाडी ओढायला तारेचा दोर लावला, तो तुटून सपकन आला आणि एका ड्रायव्हरचा पाय गेला. खरा पाय. तो पाय विनोदात येत नाही, लक्षात आलं का? रंग येतो, पाय येत नाही. आणि रंगाचं ते वाक्य बाबांनी जन्मात उच्चारलेलं नाही.

चौकशी झाली, खापर बाबांवर फुटलं, बढती गेली, मग नोकरीच सोडली. आता ते घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ट्रक भरून घेतात. आमच्या घरी कुठे प्रवासाला निघायचं म्हणजे डोक्याला ताप. बाबा बॅग उघडून विचारणार, गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा काय लागेल? आई म्हणते, पहिल्यांदा मला बाथरूम लागेल, ते भरा बॅगेत.

तर मी त्या हॉलमध्ये बसले होते आणि हसू संपत नव्हतं. मी कोण ते ब्रिगेडियरला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आमचं आडनाव म्हणजे कुठेही दगड मारा, कुणाला तरी लागेल. आणि तिथेच बसल्या बसल्या मी ठरवलं. नुसतं हरवून काय करायचं होतं? हरणं त्याला पचतं, त्यावरही तो एक प्रकरण लिहील. मला तो विनोद त्याच्या तोंडून हिसकावून घ्यायचा होता. परत कधी, कुठल्याच हॉलमध्ये, माझ्या बापावर कुणी हसायचं नाही. बास, एवढंच.

संधी आपोआप आली. सत्राच्या शेवटी मोठा खेळ असतो. हॉलच्या मधोमध भलंमोठं टेबल, त्यावर वाळूचा किनारा, टेकड्या, रस्ते, आणि लाकडाच्या ठोकळ्यांचं सैन्य. एक बाजू समुद्रातून येते, दुसरी किनारा राखते, मध्ये पंच. आणि आमच्याकडची पद्धत अशी की समुद्रातून येणारी निळी बाजू खुद्द ब्रिगेडियर चालवतो. गुरूने शिष्यांना धडा द्यायचा, असं. मी मुद्दाम राखणाऱ्या लाल बाजूला नाव दिलं. तिकडे कुणी जात नाही, कारण लाल बाजू दर वेळी हरते.

आमचा लाल कमांडर होता एक जाडा मेजर, त्याला सगळे मामा म्हणायचे. आम्हाला खोली दिली होती जुनी, खिडकी उघडत नाही, पंखा गरगरतो पण वारा नाही, आणि नकाशा पसरायला टेबल-टेनिसचं टेबल. मामा पहिल्या दिवशी म्हणाला, हे बघा, डावपेच म्हणजे समोर आलेली मारामारी कशी जिंकायची. त्याच्या वरची पायरी म्हणजे मोहीम, म्हणजे मारामारी कुठल्या गल्लीत होणार हे आधी आपण ठरवायचं. लाल बाजू हरते कारण ती गल्लीत वाट बघत उभी राहते. तर बोला, गल्ली कुठली?

किनारे दोन होते. उत्तरेचा अरुंद आणि दगडी, पण जमीन टणक. दक्षिणेचा रुंद, सुंदर, मागे लगेच हमरस्ता, पण वाळू मऊ. सगळे जण दक्षिण राखतात, साहजिक आहे. मी म्हटलं, दक्षिणेला एकही तोफ नको. एक माणूससुद्धा नको. उत्तरेला खोट्या तोफा मांडायच्या, त्याच्या टेहळणीला दिसतील अशा, म्हणजे तो दक्षिणेला येईल. खऱ्या तोफा दक्षिणेच्या मागच्या टेकडीआड, आणि गोळे फक्त जहाजांच्या दारांवर.

मामाने दक्षिण किनाऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आणि त्याने बुलडोझर पुढे ठेवला तर?"

"तर रस्ता अंथरून तो जेवायच्या आत आपल्या डोक्यावर असेल."

"आणि तो ठेवणार नाही हे तुला कोणी सांगितलं? तोच तर शिकवतो."

"शिकवतो हो. पण पाहुणे आहेत ना बघायला. त्याची गाडी दाराशी असणार."

मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय गं, तुझं काही भांडण आहे का त्याच्याशी?"

मी म्हटलं, आहे. मामा म्हणाला, माझंही आहे, पण बारकं. आणि त्याने नकाशावरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सगळ्या टाचण्या उपटून काढल्या.

आता पेन्सिलबद्दल सांगायला हवं. पेन्सिल म्हणजे आमच्याच तुकडीतला, माझ्यासारखाच कॅप्टन, उंच, काटकुळा, म्हणून पेन्सिल. आम्ही एकाच टेबलावर जेवायचो. स्वभाव असा की तुमचा पाय त्याच्या पायावर पडला तर सॉरी तो म्हणणार. तर निळ्या बाजूला भरणी अधिकारी म्हणून नेमला पेन्सिलला. यादी लागली तेव्हा मी वाचली, आणि खरं सांगते, त्याच्या नावाशी न थांबता मी पुढची ओळ वाचायला गेले.

खेळाच्या दिवशी वरचा सज्जा खच्चून भरला होता. परदेशी गणवेश, कॉलेजचे प्रमुख, चकचकीत बूट. मुख्य पंच नौदलाच्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज एकदम कोरडा, जणू वाणसामानाची यादी वाचतायत. ब्रिगेडियर हातात लांब काठी घेऊन टेबलाभोवती फिरत होता आणि वर बघून बोलत होता. आमच्या उत्तरेच्या खोट्या तोफा त्याला दिसल्या, तो हसला, म्हणाला, लाल बाजूने दगडांची राखण केलीय, आपण वाळूत जाऊ. जहाजांचे ठोकळे दक्षिणेला सरकले. माझ्या तळहाताला एवढा घाम की मी हात पॅन्टला पुसत होते. मामा शेजारी पुटपुटला, बुलडोझर असेल तर मी आजारी पडतो, तू सांभाळ.

पहिलं जहाज किनाऱ्याला लागलं. बुलडोझर सगळे त्याच जहाजात असतात. पंचबाईंनी ठोकळ्याचं दार पाडलं आणि आतला पहिला तुकडा चिमटीत धरून बाहेर काढला. कमांडरचा निळा झेंडा लावलेली छोटी गाडी. त्याची.

मामाने टेबलाखाली माझा पाय असा दाबला की आठवडाभर काळानिळा होता.

बाई यादी वाचल्यासारख्या बोलल्या. मऊ वाळू. चाकाची गाडी. जाळी नाही. रुतली. दार अडलं. मागचं काही बाहेर येत नाही. ओहोटी सुरू. जहाज बसलं. लाल बाजू? मामा म्हणाला, तोफा, दारांवर. आणि मग एकामागून एक ठोकळे टेबलावरून उचलले गेले, मागून येणारी जहाजंसुद्धा, कारण त्यांना रस्ताच नव्हता. मला वाटलं होतं मी नाचेन. सज्जात कुजबुज सुरू झाली होती, ब्रिगेडियरची काठी हवेत थांबली होती, आणि मी मनात म्हणत होते, आता बोल. आता कर विनोद.

आणि त्याने केला की. वळला पेन्सिलकडे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भरणी कोणी केली?"

पेन्सिल ताठ उभा राहिला. "मी, सर."

ब्रिगेडियरने वर पाहुण्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "दर पिढीत एक निघतोच. रंग नवा होता का रे?"

आणि सगळे हसले. ज्यांनी तो तास ऐकला होता ते आमचे लोक तर पोट धरून हसले. पेन्सिलचे कान लाल झाले होते आणि तो समोर कुठेच बघत नव्हता. म्हणजे माझं काय झालं बघा. मी विनोद ठार करायला गेले आणि त्याला नवं पोर झालं.

जेवायच्या सुट्टीनंतर आढावा होता. मी पेन्सिलला गाठलं पाण्याच्या मशीनपाशी, लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे बंद दारं. बाटली भरत होता. मी विचारलं, हुकूम कोणाचा होता? तो म्हणाला, त्यांचाच, सकाळी आले आणि म्हणाले माझी गाडी दाराशी घे, पाहुण्यांना दिसली पाहिजे. मी म्हटलं, मग आढाव्यात सांग. तर म्हणतो, सर स्वतःच सांगतील ना, आपण कशाला बोलायचं.

 आईने मला हेही सांगितलं होतं, चौकशीच्या सकाळी बाबा बूट घालताना अगदी हेच म्हणाले होते. आता पेन्सिलला हलवायचं तर सगळं सांगणं भाग होतं. सांगितलं. बाबा, जहाज, ड्रायव्हरचा पाय, सगळं. मला वाटलं तो चिडेल, ब्रिगेडियरवर. त्याने बाटलीचं झाकण लावलं, सावकाश, आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे गाडी पुढे असणार हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि भरणी माझी आहे, हेही."

"हो."

"मग माझं काय ठरवलं होतंस?"

मी म्हटलं, तुझं काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. तो बरं म्हणाला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता बरं म्हणाला.

आढाव्याची पद्धत आमच्याकडे फार जुनी आहे. सगळ्यात कनिष्ठ आधी बोलतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, आणि सगळ्यात वरिष्ठ शेवटी. कारण साहेब आधी बोलले की खालचे सगळे मान डोलावतात. ऐकायला किती छान आहे. पण आमची माणसं काय करतात माहितीये का? कनिष्ठ उठतो आणि शिष्टाचार म्हणून चूक स्वतःवर घेतो, साहेब शेवटी मोठ्या मनाने ती परत घेतील या भरवशावर. बाबांनी तेच केलं होतं. आणि शेवटी साहेब उठून काय म्हणाले? मी सहमत आहे.

तर पेन्सिल सगळ्यात कनिष्ठ. पंचबाईंनी मान हलवली, तो उठला. माझ्याकडे एकदाही न बघता म्हणाला, भरणी माझी होती, जबाबदारी माझी, आणि बसला. ब्रिगेडियर पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता, त्याने असं दयाळू हसून मान हलवली.

त्याच्या वरची मी. म्हणजे दुसरी.

मी उठले. मी म्हटलं, "लाल बाजूची सगळी योजना एका सवयीवर उभी होती. निळे कमांडर पाहुण्यांसमोर स्वतःची गाडी दाराशी ठेवतात. वाळू कशीही असो. म्हणून आम्ही किनाऱ्यावर एकही तोफ ठेवली नाही."

बाईंनी विचारलं, ही सवय तुम्हाला कशी माहीत?

"त्यांनी हे आधी एकदा केलंय. तेव्हा बुलडोझर मागे गेला, जहाज बसलं आणि एका ड्रायव्हरचा पाय तुटला. तेव्हाच्या भरणी अधिकाऱ्याने रंगाबद्दल काहीही म्हटलं नव्हतं. ते माझे वडील आहेत."

मी बसले. आणि आता ऐका, कारण हे मी योजलं नव्हतं. मला वाटलं होतं गोंधळ होईल, कुणीतरी ओरडेल, मला बाहेर काढतील. काहीच नाही. पद्धत म्हणजे पद्धत. बाई म्हणाल्या, पुढचे. आणि ब्रिगेडियरला मध्ये बोलता येत नव्हतं. तो शेवटचा होता. त्याच्या आणि माझ्या मध्ये अख्ख्या खोलीभर अधिकारी होते आणि प्रत्येकाला उठायचंच होतं.

माझ्यानंतर निळ्यांची बिनतारी संदेश सांभाळणारी कॅप्टन उठली. चाचरत म्हणाली, गाडी दाराशी घे हे मी ऐकलं, मी तिथेच उभी होते. तिच्यानंतर एक मेजर, ज्याला ब्रिगेडियरचा पट्टशिष्य म्हणायचे. तो उठला आणि म्हणाला, मीही ऐकलं, भरणी अधिकाऱ्याने हरकत घेतली होती, मी गप्प बसलो. बघा, पेन्सिलने हरकत घेतली होती, तेही तो बोलला नव्हता. मग मामा उठला, म्हणाला, माझं म्हणणं लाल कॅप्टनसारखंच, आणि बसताना खुर्ची करकरली. मग जहाजावरचा नौदलवाला म्हणाला, क्रम बदलल्याचं आम्हाला कळवलंच नाही. आणि असं एकेक पायरी वर, एकेक पायरी वर. प्रत्येक जण थोडंच बोलायचा. पण पायऱ्या चढत गेल्या तसा ब्रिगेडियरचा पाय पायावरून खाली आला, मग हात मांडीवर आले, मग तो जमिनीकडे बघायला लागला. मी त्याच्या मानेकडे बघत होते, कॉलरच्या वरची कातडी हळूहळू विटेसारखी लाल होत गेली, आणि सांगू का, मला इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं अजून दहा अधिकारी असायला हवे होते.

शेवटी तो उठला. वाकड्यात शिरेल असं वाटलं होतं. पण तो हुशार आहे हो. त्याने सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, हुकूम माझा होता, आजचाही आणि त्या वेळचाही.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. काय मोठेपणा म्हणे, काय मन म्हणे, या वयात इतकं सरळ कोण बोलतं. पाहुण्यांपैकी एक जण खाली उतरून त्याचा हात हातात घेऊन उभा. मी बाकाची कड धरून बसले होते. म्हणजे एक वाक्य बोलला आणि चढूनच गेला की अजून. आणि बाबा? बाबा त्या वेळी कुठल्यातरी बिल्डिंगखाली कुणाचं तरी कपाट ट्रकमध्ये चढवत असतील.

बाहेर आल्यावर तो माझ्यापाशी आला, सगळ्यांच्या देखत, चेहरा एकदम हळवा. म्हणाला, "खरं सांगतो, मला तुझ्या वडिलांचा चेहराही आठवत नाही."

मी म्हटलं, "मग घरी येऊन बघा, सर."

आता तेव्हा तिथे लोक होते, नाही कसं म्हणणार. आला. रविवारी, साध्या शर्टात, हातात बिस्किटांचा डबा. मी घरी आधी सांगितलं होतं सगळं. आई बोलली कमी आणि भांडी जोरात ठेवली. बाबांनी फक्त दाढी केली. आमची बाहेरची खोली तुम्ही बघितलीय ना, एक सोफा, एक खुर्ची, आणि बाबांचं ते रिकाम्या खोक्यांचं प्रदर्शन. दार उघडल्यावर दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. ब्रिगेडियरला खरंच आठवत नव्हतं, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, तो शोधत होता. बाबा म्हणाले, या साहेब, बसा.

तो बसला, सोफ्याच्या कडेवर. म्हणाला, "मी तुम्हाला एक सांगायला आलोय. त्या दिवशी—"

"साखर किती घेता?" बाबा म्हणाले.

तो म्हणाला, एक चमचा. आईने चहा आणला. त्याने कप उचलला, खाली ठेवला, म्हणाला, ते मला आधीच बोलायला हवं होतं. बाबा म्हणाले, यायला त्रास नाही ना झाला, पुढच्या चौकात खोदून ठेवलंय. मग रस्ता किती दिवस खोदलाय, मग पाणी कमी दाबाने येतं, मग जिन्यात दिवा नाही. एरवी बाबा चार वाक्यं बोलले तर आम्ही तारीख आठवणीत ठेवतो. आणि त्या दिवशी तोंडाचा पट्टा सुरू. ब्रिगेडियर श्वास घेऊन पुढे वाकला की बाबा बिस्किटं पुढे करायचे. इतकं आदराने, इतकं साहेब साहेब, की कुणाला वाटेल जुने दोस्त आहेत. मला आधी कळेच ना, मी आईकडे बघितलं, तर आई दारात उभी राहून पदराने नुसते हात पुसत होती, कोरडे हात.

एकदा तर तो उठून उभाच राहिला, सावधानमध्ये राहतात ना तसा, आणि म्हणाला, "ऐका, चूक तुमची—"

"अहो उठलात कशाला, चहा अर्धा राहिला," बाबा म्हणाले, आणि खांद्याला हात लावून त्याला खाली बसवलं.

आणि मग मला त्या माणसाचा चेहरा दिसला. हॉलमध्ये वीट झाला होता ना, तसा नाही. घाबरलेला. ते वाक्य त्याच्या तोंडात होतं, घरून पाठ करून आणलं होतं बहुतेक, आणि ते ठेवायला त्याला जागाच मिळत नव्हती. एवढा बोलणारा माणूस. चहा संपला, बिस्किटं संपली, खोदलेला रस्ताही संपला. तो उठला. दारापर्यंत गेला, वळला, तोंड उघडलं. बाबा म्हणाले, जपून उतरा साहेब, शेवटची पायरी तुटकी आहे. आणि हात जोडले.

तो गेला. आम्ही जिन्यात पावलं ऐकत उभे होतो, मध्ये एकदा थांबली ती, मग परत खाली गेली.

आई म्हणाली, "बोलू का नाही दिलंत त्याला? इतकी वर्षं याचीच तर वाट बघत होतात."

बाबांनी कडी लावली. "बोलला असता तर मोकळा झाला असता."

आणि कप उचलून आत गेले, शीळ घालत. बाबा शीळ घालतात हे मला माहीतच नव्हतं.